बाबाच्या वाटीतला मोतीबिंदू

"निघाला! निघाला!"

मांडवात एकच कल्ला झाला. डोणगावच्या शाळेच्या पटांगणात माणूस माणसाला रेटत होता. बाया लेकरं कडेवर घेऊन टाचा उंचावत होत्या, म्हातारे काठीनं वाट काढत पुढं घुसत होते. आणि मधोमध गादीवर, लोडाला टेकून विराजमान होते दृष्टीनाथ महाराज. महाराजांच्या हातात पितळी वाटी, वाटीत पाणी, आणि पाण्यात एक पांढुरका, बुळबुळीत दाणा. त्याच्या पोटात काळा ठिपका. हुबेहूब डोळ्यातली बाहुली!

"हा पाहा माउली, तुमचा मोतीबिंदू!" महाराज गरजले. "डॉक्टर काय करतो? सुरी चालवतो. सुरी चालवली की रक्त, रक्त आलं की पट्टी, पट्टी आली की बिल! आपल्याकडं सुरी नाही, पट्टी नाही. एक काजळाचं बोट आन् गुरूचं नाव! बोला, डोळस गुरुनाथ महाराज की..."

"जय!"

आता गंमत पाहा. महाराजांच्या डोक्यावर जो फ्लेक्स फडफडत होता, त्यावर लिहिलं होतं, 'जनकल्याण सेवा क्लब, डोणगाव आयोजित भव्य मोफत नेत्रतपासणी व चष्मेवाटप शिबिर'. डॉक्टरांच्याच शिबिरात डॉक्टरांना शिव्या, त्याही क्लबच्या माइकवरून! चष्म्यांच्या टेबलामागं उभे असलेले शेषराव गुरुजी, क्लबचे सचिव, हे सगळं ऐकत होते आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता.

क्लब वाईट होता असं कोणी म्हणू नये. गावात कोणाच्या घरी मयत झाली आणि लेक पुण्याहून यायची असली, तर क्लबची शवपेटी दारात यायची. पाय मोडलेल्याला वॉकर क्लबचा, बस स्टँडवरची पाणपोई क्लबची, रक्ताची बाटली लागली तर फोन क्लबला. पण या भल्या माणसांना एक खोड होती. उद्घाटक असल्याशिवाय त्यांचं पानही हलत नसे. पाणपोईचा माठ भरायचा तरी शाल हवी, श्रीफळ हवं, फ्लेक्सवर पाहुण्याचा फोटो हवा.

आदल्या वर्षीच्या नेत्रशिबिराला माणसंच आली नाहीत. ऑपरेशनचं नाव काढलं की लोक पळत. म्हणून अध्यक्ष महादेवरावांनी, आपल्या बी-बियाण्यांच्या दुकानातच बैठक भरवून, नवी टूम काढली.

"गुरुजी, आपल्याले गर्दी पायजे. गर्दी बाबाजवळ हाये. बाबा आले की मान्सं आपोआप येतीन, मंग तपासा ना किती तपासता ते!"

"अहो, तो बाबा डोळ्यांचेच चमत्कार करतो. त्याला डोळ्यांच्या शिबिराला बोलवायचं?" शेषराव म्हणाले.

"चमत्कार नाई करू द्यायचे. नारय फोडतीन, दहा मिनटं बसतीन, जातीन."

हात वर झाले. शेषरावांचा एकट्याचा खाली राहिला. आणि पाहुण्याला शाल घालणं हे सचिवाचं काम, म्हणून शाल शेषरावांनीच घातली. करता काय?

महाराजांनी नारळ फोडला आणि जे ठाण मांडलं ते उन्हं कलेपर्यंत. लोक आधी त्यांच्यापुढं जात. मग डॉक्टर मयुरीताईंचं टेबल, आणि शेवटी शेषरावांचं. शेषराव नंबर पाहून चष्मा देत. म्हातारा चष्मा नाकावर चढवून पेपरातली बारीक अक्षरं वाचे आणि ओरडे, "दिसते वो! दिसून राह्यलं!" आणि तसाच उलट्या पावली धावत जाऊन बाबाच्या पायावर डोकं ठेवी! चष्मा क्लबचा, नंबर डॉक्टरचा, चमत्कार मात्र बाबाचा. शेषराव डोक्याला हात लावून बसले.

पण त्यांच्या काळजात खरी कळ उठली ती गोजरबाईमुळं.

गोजरबाई त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनंच शेषरावांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. विधवा झाली, पण कोणापुढं हात पसरला नाही. गोधड्या शिवायची. आळीत मूल जन्मलं की पहिली गोधडी गोजरबाईच्या हातची, असा रिवाजच पडला होता. अलीकडं तिला दिव्याभोवती रंगीत कडं दिसे, डोकं ठणके. शेषराव तिला हाताला धरून शिबिरात घेऊन आले होते.

मयुरीताईंनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "आजी, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि नस वाळत जाते. गेलेली नजर परत येत नाही, पण आहे ती वाचवता येते. हे थेंब रोज टाकायचे, एक दिवसही चुकवायचा नाही. आणि लवकर माझ्याकडं मेहकरला या."

"येतो ना बाई," गोजरबाई म्हणाली. थेंबांची बाटली तिनं पदराच्या गाठीत बांधली.

आणि शेषराव चष्मे मोजून देण्यात गुंतले असताना, ती बाहेर पडता पडता, महाराजांनी तिला हाक मारली. काजळाचं बोट तिच्या डोळ्यात फिरवलं. डोळे मिटायला लावले. भजन झालं. डोळ्यांतून पाणी वाहिलं. महाराजांनी कापसानं कोपरा टिपला, आणि वाटीत टप्पकन बिंदू!

"आता कोणाचंच औषध टाकायचं नाही माउली. नाहीतर बिंदू पुन्हा धरेल. आधी अंधारेल, मग उजाडेल. अंधारलं म्हणून घाबरायचं नाही!"

शेषराव त्या संध्याकाळी तिच्या घरी गेले. समजावलं, हात जोडले, शेवटी चिडले.

"बाई, मी जन्मभर पोरांना डोळ्याची आकृती काढून शिकवली. मोतीबिंदू बाहुलीच्या मागं असतो, डोळ्याच्या आत. तो कोपऱ्यातून कापसानं कसा निघेल?"

"शेषा, म्या हातात घेऊन पाह्यला तो."

"अगं, ते दुसरं काहीतरी होतं."

"काय होतं मंग? सांग."

काय होतं ते शेषरावांनाही ठाऊक नव्हतं.

"पाह्य! माह्या डोयानं पाह्यलेलं खोटं, अन् डॉक्टरनीनं मशिनीतून पाह्यलेलं खरं?" गोजरबाई हसली. भाचा भागवत दारातून म्हणाला, "मामा, तिले बरं वाटून राह्यलं ना? राहू द्या."

शेषराव अधूनमधून जात, थेंब टाकले का विचारत. बाटली कोनाड्यात देवाशेजारी होती, सील न फोडलेली. 'दिसते का?' विचारलं की गोजरबाई 'हाव' म्हणे. पुढं ती तेवढंही बोलेना.

चैत्र तापला. एका दुपारी शेषराव बाजारातून घामाघूम होऊन आले. बायकोनं, कौशल्याबाईंनी, त्यांच्यापुढं सरबताचा पेला ठेवला. शेषरावांनी तो ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला. पेल्यात तळाशी पांढुरके, बुळबुळीत दाणे होते. प्रत्येकाच्या पोटात काळा ठिपका.

"हे काय आहे?"

"काय म्हंजे? सब्जा. थंड असते म्हून टाकला. दरसाल पेता, आज काऊन विचारता?"

"भिजवायच्या आधी कसा असतो तो?"

कौशल्याबाईंनी डबी उघडून दाखवली. बारीक, काळेभोर, तिळाएवढं बी. शेषराव उठले. फडताळातून काजळाची डबी काढली, बोट भरवलं आणि त्यावर एक बी ठेवलं. काळ्यात काळं, कुठं गेलं ते दिसेना. त्यांनी ते बोट स्वतःच्या डोळ्यात फिरवलं.

"अहो, डोये फोडता का!" कौशल्याबाई ओरडल्या.

डोळा चुरचुरला, पाण्याची धार लागली. एक भजन म्हणून व्हावं एवढ्या वेळात कोपऱ्यात काहीतरी फुगून गिळगिळीत लागू लागलं. शेषरावांनी कापसानं टिपून वाटीत टाकलं. बाबाचा मोतीबिंदू! गोजरबाईच्याच काय, कोणाच्याही डोळ्यातून निघाला असता, नुकत्या जन्मलेल्या लेकराच्यासुद्धा. कारण तो डोळ्यातला नव्हताच. किराणा दुकानातला होता!

शेषराव ती वाटी घेऊन तसेच उन्हात बहिणीकडं धावले. गोजरबाई उंबऱ्यात सुईत दोरा ओवत बसली होती. दोरा सुईच्या बाजूनं जात होता, पुन्हा पुन्हा.

"बाई, हे पाहा! हेच होतं!" त्यांनी वाटी तिच्यापुढं धरली.

गोजरबाईचा हात हवेत चाचपडला. वाटीच्या पार पलीकडं.

"कुठी हाये?" ती म्हणाली.

शेषरावांनी वाटी उंबऱ्यावर ठेवली. ती हळूच बोलली, "अंधारून आलं तवा वाटलं, बाबा म्हनले तसं आता उजाडंन. म्हून कोनाले सांगतलं नाई."

मेहकरला मयुरीताईंनी तपासलं. उजवा डोळा पार गेला होता. डाव्यात नळीतून पाहावं एवढीच नजर उरली होती. "ही टिकवू," त्या म्हणाल्या. "गेली ती कोणालाच आणता येणार नाही." भागवत भिंतीला तोंड करून रडला.

शेषरावांचं पित्त खवळलं. बाबा केव्हाच गाव सोडून गेला होता. मग त्यांनी क्लबलाच धारेवर धरलं, आणि बाजाराच्या दिवशी त्याच पटांगणात, त्याच माइकवर लोकांना बोलावलं. महादेवराव खाली मान घालून कोपऱ्यात उभे राहिले.

शेषरावांनी सगळं उघडं केलं. सब्जाची पुडी दाखवली, काजळ दाखवलं, सगळ्यांसमोर बी स्वतःच्या डोळ्यात घालून फुगवून बाहेर काढलं. वाटी रांगेरांगेतून फिरवली. "पाहा! हाच चमत्कार! यात गुरू नाही, मंत्र नाही. बी पाण्यात फुगतं, एवढंच. तुम्हाला दिसलं ते चष्म्यामुळं. आणि ज्यांना औषध हवं होतं त्यांचं औषध या बाबानं बंद केलं!"

लोक माना डोलावत होते. शेषरावांना वाटलं, पटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतले पुंजाजी काठी टेकत उठले, जवळ आले आणि त्यांनी आपला चेहरा शेषरावांपुढं धरला.

"गुरुजी, माह्याही डोयातला काढा ना."

"अहो पुंजाजी, मी काय सांगतोय? हे बी आहे, बी! मी आधी घातलं, मग काढलं!"

"हाव, समजलं. पन तुमच्या हाताले गुन हाये ना? बाबा तं लय दूर गेले. तुमी गावातले."

त्यांच्यामागं तानाबाई उभी राहिली. तिच्यामागं आणखी कोणी. पाहता पाहता रांग लागली! शेषराव माइकवर घसा फोडून ओरडत होते आणि रांग वाढत होती. संध्याकाळपर्यंत गावातल्या किराणा दुकानांतला सब्जा संपला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. शेषरावांनी माइक ठेवून दिला आणि खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

रात्री जेवण गेलं नाही. सकाळी बहिणीकडं थेंब टाकायला गेले. आता ते काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. थेंब टाकून झाल्यावर गोजरबाईनं डोळे मिटूनच विचारलं, "शेषा, एक सांग. तो बाबा चोर होता, तं तुमच्या बोर्डावर त्याचा फोटू काऊन होता?"

शेषरावांनी बाटलीचं झाकण लावलं.

"मी बाबाले ओयखत नव्हती. क्लबले ओयखत होती. तुह्या भावजीची मयत झाली तवा पेटी क्लबनंच आनली. म्हटलं, क्लबनं आनला म्हंजे मानूस चांगलाच असंन."

हे शेषरावांनी जसंच्या तसं बैठकीत सांगितलं. महादेवराव म्हणाले, "गुरुजी, चुकलं. पन बाबाशिवाय मान्सं येत नाई, हेही खरंच हाये." त्यांचंही खोटं नव्हतं.

पुढच्या शिबिराच्या फ्लेक्सवर कोणाचाच फोटो नव्हता. नारळ नाही, शाल नाही. मांडवात निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. येणारे आधी डोकावून विचारत, "महाराज कवा येतीन?" आणि येणार नाहीत म्हटलं की काही तिथूनच परत फिरत.

दाराशी एक खुर्ची टाकून गोजरबाई बसली होती. कोणी बसवली नव्हती, भागवतचा हात धरून आपणहून आली होती. परतणाऱ्या पावलांचा आवाज आला की ती हाक मारी.

"कोन? पुंजाजी का? या इकडं. माह्या डोयापुढं हात हालवा. हालवला? मले दिसला नाई. माह्या डोयातून बाबानं बिंदू काढला होता, तुमी टाया वाजवल्या होत्या. आता मी सांगतो ते आयका. कोनी डोयातून काई काढलं, तं आधी त्यानं काय घातलं ते इचारा. अन् औषध देल्लं असंन तं टाका, कोनीही नाई म्हनो. मी इचारलं नाई, टाकलं नाई."

पुंजाजी काठी टेकत वळले. मग मयुरीताईंच्या टेबलापुढं जाऊन बसले. त्यांच्यामागून आलेल्या दोन बाया मात्र कुजबुजत निघून गेल्या.

गोजरबाईला ते कळलं नाही. कोणी जवळ उभं आहे असं समजून ती रिकाम्या दाराकडं तोंड करून तेच सांगत होती, पहिल्यापासून. शेषराव चष्म्यांचं टेबल सोडून आले आणि तिच्याशेजारी उभे राहिले.