मेबलची पाच, ऑरिनची दोन

लिओटा किंकेडने एकतीस वर्षं ईनिड गावच्या शाळेत पोरांसाठी रांधलं. निवृत्त झाली आणि सहा महिन्यांत तिला घर खायला उठलं. मुलगी टेक्सासला जाताना मेबलला मागे ठेवून गेली होती, तीच काय ती नवी सोबत. मेबल म्हणजे बॉल पायथन जातीची अजगरीण, चार फूट लांब, मनगटाहून जाड. घाबरली की डोकं आत घेऊन चेंडूसारखी गुंडाळून बसायची. तिला उंदीर घालता घालता लिओटाच्या डोक्यात एक प्रश्न घोळायला लागला. हिला अंडी झाली, तर ही काय करेल?

नवऱ्याला विचारलं, तर ऑरिन म्हणाला, "काय करणार? अंडी आपल्या गळ्यात मारून टेक्सासला जाईल."

नर मिळाला डब प्रुइटकडून. डबची गावाबाहेर पत्र्याची शेड होती, तिथे खणाखणांतून दोनशे साप. तीस वर्षं त्याचा हाच धंदा. त्याने फिकट पिवळ्या झाकेचा एक नर हिवाळ्यापुरता दिला. अट एकच, होणाऱ्या पिल्लांतलं एक तो निवडणार.

दोनदा एकत्र ठेवूनही दोघं पाठ फिरवून बसले. तिसऱ्यांदा मात्र दिवसभर शेपट्या गुंतलेल्या होत्या. फेब्रुवारीत मेबलने उंदीर नाकारला. मार्चमध्ये ती मधोमध टम्म फुगली, मग कात टाकली. अंडी येणार, हे नक्की झालं.

आता ऑरिनला राहवेना. तो जन्मभर फ्रिज दुरुस्त करत आलेला माणूस. वाइन ठेवायचा एक जुना छोटा फ्रिज त्याने उघडला, आत तापणारी तार फिरवली, पंखा बसवला आणि अंडी उबवायची पेटी तयार केली. "फ्रिज गरम करायचं काम पहिल्यांदाच करतोय," असं येईल त्याला सांगत सुटला.

एप्रिलमधल्या एका सकाळी मेबलच्या वेटोळ्यात अंडी दिसली. पाच एकमेकांना चिकटलेली, दोन सुटी, बाहेर घरंगळलेली. लिओटाने डबला फोन लावला.

"तिच्या डोक्यावर टॉवेल टाक, अंडी काढ, पेटीत ठेव," डब म्हणाला. "ठेवताना फिरवू नकोस. जशी होती तशीच."

लिओटाने टॉवेल टाकला, हात घातला. मेबल चावली नाही. तिने वेटोळं फक्त आवळलं, हळूहळू, लिओटाच्या बोटांसकट. लिओटाने थोडा वेळ हात तसाच ठेवला आणि काढून घेतला.

"डब, मी राहू देते तिच्याजवळच. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"ही काय करते ते."

"वाळवून टाकशील सगळी. मी हजारदा तरी अंडी काढली असतील. एकदाही आईजवळ ठेवली नाहीत."

"मग ठेवल्यावर काय होतं, हे तुला कसं ठाऊक?"



ऑरिनचा चेहरा पडला. पेटी तापवून तयार, आणि आत घालायला काही नाही. शेवटी सुटी दोन अंडी त्याला मिळाली. वरची बाजू कळावी म्हणून त्याने पेन्सिलने फुल्या मारल्या, काटा एकोणनव्वद फॅरनहाइटवर आणला. "बघू कोण आधी," तो मेबलला म्हणाला.

लिओटा रोज चहाचा ग्लास घेऊन मेबलच्या काचेच्या घरासमोर बसायची. खोली तापली की मेबल वेटोळं सैल करायची, हवा कोरडी झाली की आवळायची. मधूनच उठून ऊबेच्या कोपऱ्यात जाऊन यायची आणि पुन्हा अंड्यांना विळखा घालायची. उंदराकडे ढुंकूनही बघत नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात ऑरिनचं एक अंडं हिरवं पडलं, वास मारायला लागलं. त्याने ते मागच्या अंगणात पुरलं आणि त्या दिवशी मेबलच्या खोलीत पाय ठेवला नाही. उरलेल्या अंड्यामागे त्याने टॉर्च धरला, तेव्हा आत लाल शिरांचं जाळं दिसलं. "लिओटा, इकडे ये जरा," एवढंच तो म्हणाला. दोघं डोक्याला डोकं लावून ते बघत राहिली.

अठ्ठावन्नाव्या दिवशी त्या अंड्याला चीर पडली आणि इवलंसं नाक बाहेर आलं. "जिंकलो," ऑरिन म्हणाला.

मेबलच्या अंड्यांना मात्र काहीच हालचाल नाही. एक दिवस गेला, दोन गेले. जिंकलेल्या माणसाचाच जीव थाऱ्यावर राहीना.

"एक कापून बघू या का?"

"हात लावशील तर बघ."

"नाही, तिच्याकडची ऊब माझ्यापेक्षा दोन अंशांनी कमी आहे. उशीर होणारच," असं त्याने स्वतःलाच समजावलं. दर तासाला समजावत राहिला.

बासष्टाव्या दिवशी सकाळी मेबलच्या विळख्यातून एक नाक डोकावलं. लिओटाने डबला बोलावलं. तो आला तो टोपी हातात घेऊन थेट गालिच्यावर बसला. तोवर चार नाकं झाली होती. एका पिल्लाने अर्धं अंग बाहेर काढून डोकं मेबलच्या पाठीवर टेकवलं होतं. मेबल हलत नव्हती.

डब दोन तास तसाच बसून राहिला. कॉफी गार झाली.

"इतकी पिल्लं काढली मी," तो म्हणाला, "पण आईजवळचं पिल्लू कधी बघितलंच नव्हतं."

पाचवं दुसऱ्या दिवशी आलं. अटीप्रमाणे डबने आठवड्याने सगळ्यांत फिकट, पिवळसर पिल्लू उचललं. त्याची नजर ऑरिनच्या पेटीकडे वळली, तसा ऑरिन पेटीसमोर जाऊन उभा राहिला. "ते साधंच आहे. तुला नाही आवडायचं."

शेवटचं पिल्लू बाहेर पडलं त्या संध्याकाळी मेबल उठली होती. पाण्याच्या भांड्याशी जाऊन खूप वेळ पाणी प्यायली आणि पिल्लांकडे वळूनही न बघता आपल्या लपायच्या खोक्यात शिरली. लिओटाला आधी जरा वाईट वाटलं, मग वाटलं, दोन महिने उपाशी बसून तिचं काम झालं होतं, आता आणखी काय करायचं तिने? अंड्यांचा वास जाऊन भूक परतावी म्हणून लिओटाने तिला कोमट पाण्याने धुतलं. उंदीर पुढे केला, तो तिने तीनदा नाकारला. नवव्या दिवशी एका झेपेत घेतला.