डब्याची मागची बाजू

"पुढून काय वाचायचं? पुढे सगळेच गोड बोलतात," असं म्हणत बाईंनी नव्या क्रीमचा डबा उलटा केला, ड्रॉवरमधलं भिंग काढलं आणि मागची मुंगीएवढी अक्षरं वाचायला घेतली.

कंपनीचा प्रतिनिधी काउंटरपलीकडे टाय सारखा करत उभा होता. महिन्यातून एकदा तो या औषधांच्या दुकानात येई, आणि बाईंच्या हातात भिंग दिसलं की घड्याळाकडे बघू लागे. बाई इथे एकवीस वर्षं उभ्या होत्या. गिऱ्हाइकं त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत.

"पाणी. ग्लिसरीन. इथवर ठीक," बाई म्हणाल्या. "मग अल्कोहोल. मग मेंथॉल. आणि हा आला परफ्यूम. अहो, लाल पडणाऱ्या चेहऱ्यासाठी आहे ना हे?"

"खास त्यासाठीच, मॅडम. लावलं की कसं थंडगार वाटतं."

"थंड वाटणं वेगळं, शांत होणं वेगळं. भाजल्यावर फुंकर घातली तरी थंड वाटतं, म्हणून फोड यायचा राहतो का?" बाईंनी भिंग खाली सरकवलं. "आणि डब्यावर हे एवढं मोठं पान छापलंय, ते यादीत परफ्यूमच्याही खाली. जास्त ते आधी, कमी ते नंतर, अशी असते यादी. म्हणजे पान आपलं नावापुरतं."

प्रतिनिधी हसला. हसण्याचा पगार मिळतो म्हणून हसला.

बाईंचं हे वेड आकाशातून पडलेलं नव्हतं. सव्विसाव्या वर्षी त्यांच्या गालांवर दोन लालसर चट्टे उठले होते. तेव्हा अशाच एका काउंटरवरच्या माणसाने एक ट्यूब पुढे सरकवली. म्हणाला, डोळे मिटून लावा, आठ दिवसांत चेहरा आरशासारखा. बाईंनी खरंच डोळे मिटून लावली, चांगली दोन वर्षं. आत स्टेरॉइड होतं, हे त्यांना ट्यूब बंद केल्यावर डॉक्टरांकडून कळलं. तोवर चेहऱ्याचा निखारा झाला होता, आणि तो पुरता विझला असा कधी नाहीच. ऊन लागलं, वाफ लागली, राग आला, एवढंच काय, मनापासून हसू आलं तरी गाल पेटत. जाऊ चारचौघांत विचारी, "सकाळी सकाळीच चढवलीत की काय?" घरातल्या कुठल्याही लग्नात फोटो निघायची वेळ आली की कुणीतरी कानाशी येऊन म्हणे, तुम्ही जरा मागे उभ्या राहा. बाई मागे उभ्या राहत.

मग ही नोकरी लागली आणि बाईंनी डोळे उघडून वाचायला सुरुवात केली. रिकाम्या डब्यांवरच्या याद्या कापून त्या वहीत चिकटवत. डाव्या पानावर एक क्रीम, उजव्यावर दुसरं, आणि खुपणाऱ्या प्रत्येक नावाखाली लाल रेघ. वाचून समाधान झालं नाही तर डाव्या हाताच्या कोपराच्या आत पेनने गोल काढायच्या, त्यात क्रीम लावायच्या आणि दोन दिवस थांबायच्या. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे गाल या कोपराने वाचवले होते. बायकांनाही ते ठाऊक होतं. डॉक्टरची चिठ्ठी हातात असली तरी त्या विचारत, "बाई, तुम्ही काय म्हणता?" हा प्रश्न बाईंना त्या काउंटरपलीकडे जगात कुणी कधी विचारला नव्हता.

प्रतिनिधी गेल्यावर मालकांनी हाक मारली. मालक बाईंपेक्षा पाचेक वर्षांनी लहान. ते बाईंना ताई म्हणत, बाई त्यांना भाऊ. माणूस वाईट नव्हता, पण समोरचा जरा मोठ्याने बोलला की त्यांना त्याचंच खरं वाटे.

"ताई, शनिवारी कंपनीची माणसं येणार आहेत. गिऱ्हाइकांसाठी त्यांच्या क्रीमचा सल्ला-दिवस ठेवलाय. काचेचं नवं कपाट देतायत, दिव्यांसकट." भाऊ बिलाच्या पुस्तकाची कड कुरतडत होते. "फक्त ते म्हणतात, तुमचा चेहरा..."

"लाल आहे. म्हणा की. मी रोज बघते."

"लाली घालवायच्या क्रीमशेजारी तुम्ही नको, असं त्यांचं म्हणणं. एक तर यापुढे तुम्ही मागे खोक्यांचं बघा. नाहीतर त्यांची एक मुलगी येणार आहे, ती तुम्हाला थोडा मेकअप करून देईल. तुम्ही काही बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

मागे म्हणजे खोक्यांची अंधारी खोली आणि एक दिवा. तिथे कुणी काही विचारायला येणार नव्हतं. बाई रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाल्या. खोटं बोलायचं नाहीये, नुसतं उभं राहायचंय, त्यात आपलं काय जातंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या डब्यांची मागची बाजू वाचणाऱ्या बाईंना आपणच आता डब्याची पुढची बाजू होणार हे कळू नये, याला काय म्हणावं! गुरुवारी सकाळी त्यांनी भाऊंना होकार दिला. मात्र जित्याची खोड. नव्या डब्यातलं बोटभर क्रीम तेवढं कोपरावर लावून ठेवलं.

शनिवारी मेकअपवाल्या मुलीने आधी हिरवट काहीतरी थापलं, त्यावर कातडीच्या रंगाचं, त्यावर पावडर. मग आरसा समोर धरला. बाई बघतच राहिल्या. चोवीस वर्षं न दिसलेला चेहरा होता तो. त्यांना तो आवडला. खोटं कशाला बोला, फार आवडला. त्यांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि रुमाल डोळ्यांशी नेला.

"रडू नका हं मावशी," मुलगी म्हणाली, "सगळं ओघळेल."

अकरा वाजता दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कपाटाचे दिवे लागले होते, डब्यांचा मनोरा झाला होता, आणि त्याच्या शेजारी बाई तोंडातून अवाक्षर न काढता उभ्या होत्या. दर दोन मिनिटांनी प्रतिनिधी त्यांच्याकडे हात करी, "बघा, यांच्याकडे बघा." बायका बघत, आणि डबा उचलत. बाहीआड कोपर खाजत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरची इस्त्रीवाली आली. दिवसभर वाफेत उभं राहून तिचे गाल कायम भाजल्यासारखे असत. बाईंकडे पाहताच ती थबकली.

"अगं बाई! ताई, गेलं की हो तुमचं! कशानं गेलं?"

"या क्रीमनं," प्रतिनिधी म्हणाला. "डोळे मिटून घ्या."

"तुम्ही थांबा हो जरा. मी ताईंना विचारतेय." तिने डबा उचलला आणि सरळ बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "मोठ्या दुकानात मला तीन क्रीमं दाखवली, मी एकही घेतलं नाही. तुम्ही काय म्हणता? तुम्ही म्हणाल तर घेते."

भाऊंनी बाईंना डोळ्यांनीच विनवलं. बाई गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांच्या चेहऱ्याने उत्तर दिलंच होतं. पण आपल्याला चोवीस वर्षांपूर्वी ट्यूब देणारा तो माणूसही दिसायला किती स्वच्छ, किती नीटनेटका होता, हे त्यांना त्या क्षणी आठवलं, आणि त्यांना संताप आला. त्याचा आला, प्रतिनिधीचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला.

त्यांनी खालच्या फळीवरची एक पांढरी ट्यूब काढली. तिच्यावर ना पान, ना फूल, ना कुणी हसरी बाई. त्यातलं क्रीम कापसावर घेऊन त्यांनी उजवा गाल पुसायला सुरुवात केली. कापसावर आधी कातडीचा रंग आला, मग हिरवा. मग गालावर त्यांचा स्वतःचा लाल रंग उमटला, रागाने दुप्पट झालेला.

"बघ," त्या म्हणाल्या. "कशानंही गेलेलं नाही. हे सकाळी थापलंय. आणि हे बघ, त्या डब्यातलं गुरुवारी लावलेलं." त्यांनी बाही वर केली. पेनच्या गोलात कातडी लालबुंद होऊन सुजली होती.

दुकानात कुणीसं म्हणालं, "अरे देवा." दोन बायकांनी हातातले डबे परत मनोऱ्यावर ठेवले.

"हे चालणार नाही!" प्रतिनिधी ओरडला. "भाऊ, या बाई काउंटरला राहणार असतील तर कपाट आजच परत न्यावं लागेल."

भाऊंनी कपाटाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, बाईंकडे मात्र पाहिलं नाही. "ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आता मागे जा."

"मागे नाही जाणार, भाऊ. उभा जन्म मागे उभी राहिले. काढायचं असेल तर काढा, पण मी जाईन ती पुढच्या दारानं."

भाऊ डब्यांचा मनोरा सारखा करायला लागले. बाईंना तेवढं उत्तर पुरलं. त्यांनी अंगावरचा दुकानाचा पांढरा कोट काढला, घडी घालून काउंटरवर ठेवला, काउंटरची फळी उचलली आणि गिऱ्हाइकांच्या बाजूला आल्या. एकवीस वर्षांत त्या बाजूने त्यांनी हे दुकान पाहिलं नव्हतं. मग त्या इस्त्रीवालीशेजारी रांगेत उभ्या राहिल्या.

"एक पांढरी ट्यूब द्या, भाऊ. कापूसही द्या."

भाऊंनी दोन्ही पुढे ठेवलं.

"आता मागची यादी वाचून दाखवा."

"ताई, तुम्हाला पाठ आहे ती."

"मी गिऱ्हाईक आहे. ऐकल्याशिवाय मी घेत नाही."

"मलापण ऐकायचंय," इस्त्रीवाली म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

मागून आणखी कुणीतरी म्हणालं, "आणि ती झाली की या डब्यावरची वाचा."

भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. ट्यूब डोळ्यांजवळ धरली, मग लांब धरली. "पाणी," ते म्हणाले. "ग्लिसरीन. पे... पेट्रो..." भाऊ एकेका अक्षराला ठेचकाळत पुढे जात होते, आणि बाई सगळ्यांच्या मधोमध उभ्या राहून आपला दुसरा गाल पुसत होत्या.