अंजनाखालची दुसरी वही

"नाना, मागच्या अंजनाच्या झाडाखाली माझ्याशिवाय अजून कोण बसतं?"

विचारून टाकलं चेलनाने. खांबाआड मैत्रीण विधी आणि बाकीच्या मुली तोंड दाबून उभ्या होत्या. 'विचारून दाखव, मग मानू,' ही त्यांचीच पैज. मागच्या वर्षीची चेलना विचारायला गेलीच नसती. यंदा वक्तृत्वाची ढाल आणल्यापासून मात्र चेलनाबाई कुणालाच ऐकत नव्हत्या.

बोरसे मॅडमनी नववीच्या वर्गाला एकेक झाड वाटून दिलं होतं. रोज दहा मिनिटं खाली बसायचं, सालीवर कागद धरून खडू घासायचा, पानांचे ठसे घ्यायचे आणि वहीत लिहायचं. दिसलं तेच, मनातलं नाही. चेलनाने हे सगळं हौसेने केलं. हिरवं पान तेवढं तिने तोडलं नाही. जैनाच्या घरातली सवय, गळालेलंच उचलायचं. पण आठवडाभर तिच्या वहीत एकच ओळ पुन्हा पुन्हा उतरत होती : 'उजवीकडचा पाचोळा दबला. वारा नाही. कोणी नाही.'

वना नाना शाळेचे सगळ्यात जुने शिपाई. ते हसले नाहीत. अडगळीच्या खोलीत गेले आणि एक वही झटकत बाहेर आले.

"तठे रत्ना बसे, पोरी. येक मास्तर व्हतात, त्या बी असंच लिखाले लावेत."

"मग ती?"

"नववीमाच तिनं लगीन हुई गयं. मंग शाळा बंद."

वहीवर नाव होतं : रत्ना अभिमन पाटील, नववी अ, २००३-०४. आत अंजनाची पानं चिकटवलेली, फुलपाखराच्या पंखांसारखी जोडीजोडीने. चेलना झाडाखाली बसून वाचू लागली.

'२ फेब्रुवारी. डावीकडे एक मुलगी बसली होती. डाव्या हाताने लिहिते.'

चेलनाने आपल्या डाव्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

'५ फेब्रुवारी. ती पान तोडत नाही, पडलेलं उचलते. गुरुजी म्हणाले, दिसलं तेच लिही. मला दिसली.'

विधी लांबूनच ओरडली, "काय गं, भूत सापडलं का?"

चेलनाने ती ओळ पुन्हा वाचली. इतके दिवस ती झाडाखालचं भूत शोधत होती, आणि रत्नाच्या वहीत भूत ती स्वतःच होती.

शेवटचं पान. 'उद्यापासून मी येणार नाही. शेंगा झाडावरच आहेत, कधी सुटतात ते पाहायचं राहिलं. तीही निघून गेली तर कोण पाहील?'

उजवीकडचा पाचोळा हळूच दबला. चेलना उठली नाही. दहा मिनिटं पुरी होईपर्यंत तशीच बसून राहिली.

घरी दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपायची. ताटाशेजारी धुळ्याच्या होस्टेलचा फॉर्म होता. परीक्षा संपताच तिने तिथे जायचं, दहावी तिथेच, क्लासही तिथेच, हे पप्पांनी दिवाळीतच ठरवलं होतं.

"इथे सही कर, बेटा," पप्पा म्हणाले.

चेलनाने फॉर्म मिटून मम्मीच्या हातात दिला.

"मी धुळ्याला जात नाही, पप्पा. दहावी इथूनच करणार. अंजनाच्या शेंगा मे महिन्यात सुटतात, तेव्हा मी झाडाखाली असणार आहे. आणि आम्ही दोघी आहोत, मी एकटी नाही."