भिंगरीचं आलं का?

औषधांच्या दुकानातला साठा सांभाळणारा एक प्रोग्राम होता. फुकट आणि उघडा. आतला कोड कुणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. ढिगानं दुकानं त्यावर चालायची, पण पैशांचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम कमी ऐकू यायचं. तो लिहिणारा माणूस मागच्या खोलीत बसून काम करायचा, आणि मूठभर लोक दरमहा आपखुशीनं जे पाठवत त्यावर त्याचं आणि आईचं कसंबसं भागायचं.

त्या मूठभरांत एक नाव होतं, भिंगरी. त्याची धाकटी बहीण. नवऱ्याच्या मारातून जीव मुठीत घेऊन पळाली, त्यानंतर ना फोन, ना पत्ता. नवरा माहेरच्यांचे फोन हिसकावून बघतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण महिना लागला की भिंगरी या घरातल्या लाडक्या नावानं तिची छोटीशी रक्कम यायची. आई विचारायची, "भिंगरीचं आलं का?" तो "आलं" म्हणायचा, आणि दोघांच्या जिवात जीव यायचा.

मग बरोबर काम करणाऱ्यांनी लकडा लावला. कोण पैसे देतं ते दिसू दे की! देणाऱ्यांचा मान राहील, फुकट्या कंपन्यांना थोडी तरी लाज वाटेल. त्यालाही पटलं. त्यानं प्रोग्रामच्या पहिल्याच पानावर देणाऱ्यांची पाटी लावली, नाव आणि गाव. नव्यांना आधी विचारायचं, 'नाव दाखवू का?' जुन्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं, त्यांचा रकाना कोरा. आणि या शहाण्यानं कोरा म्हणजे 'हो' धरलं.

सकाळी पाटी लागली. चहा पिता पिता तो आईला मोठ्या कौतुकानं एकेक नाव वाचून दाखवत होता. भिंगरीचं नाव आलं, त्यानं वाचलं, आणि त्याच झोकात पुढचं गावही वाचलं.

आईनं कप खाली ठेवला. "तुला माहीत होतं तिचं गाव?"

"नाही गं." पैसे पोचवणाऱ्या कंपनीकडून ते आपसूक आलं होतं.

"मग आता कुणाकुणाला कळलं?"

त्याला पहिला आठवला तो मेहुणा, भिंगरीचा नवरा. मेहुण्याचा धंदा औषधांच्या दुकानांना कॉम्प्युटर विकण्याचा, आणि त्यात तो हाच प्रोग्राम टाकून द्यायचा. प्रोग्राममध्ये जरा काही हललं की त्याला खबर जायची. भिंगरी म्हणजे कोण, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

त्यानं घाईघाईनं ती ओळ काढली. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं खाली कारण लिहिलं. या कामातली शिस्तच ती. जे बदलाल ते का बदललं, सगळ्यांना दिसेल असं सरळ लिहायचं. 'भिंगरी यांचं नाव आणि गाव सुरक्षिततेसाठी काढलं.' बटण दाबलं.

आधी दाबलं, मग वाचलं. अरे गाढवा! एवढ्या नावांच्या गर्दीत ती कदाचित कुणाच्या नजरेलाही पडली नसती. आता त्यानं बोट दाखवून सांगितलं होतं. शिवाय काढलेली ओळ बदलांच्या नोंदीत लाल रंगात उभी, गावासकट. पुसणार कुठून? त्या नोंदीच्या प्रती प्रोग्राम वापरणाऱ्यांकडे केव्हाच कुठल्या कुठे गेल्या होत्या.

तो पडद्याकडे बघत बसला. थोड्या वेळानं त्या नोंदीखाली एक छोटासा अंगठा उमटला, 'आवडलं' म्हणणारा. शेजारी मेहुण्याचं नाव.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"त्यानं बघितलं."

"अरे मग तिला कळव ना!"

"कसं कळवू? इथे लिहिलं तर तोही वाचणार." बोलता बोलता त्याला आठवलं. "एक रस्ता आहे. तिची मदत मी बंद केली, तर ती पैसे पोचवणारी कंपनी फक्त तिलाच निरोप धाडते. कारण लिहायला दोन ओळी मिळतात."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"बंद म्हणजे बंद, आई. मग तिची खुशाली कळायची नाही."

आईनं पदरानं तोंड दाबून धरलं. मग म्हणाली, "कर बंद."

त्यानं लिहिलं, 'त्याला गाव कळलंय, चूक माझी. आत्ताच्या आत्ता नीघ, इथे पुन्हा पैसे पाठवू नकोस.' निरोप पोचल्याचं कंपनीनं कळवलं. तिनं वाचला की नाही, ते कळायची सोय नव्हती.

मेहुण्याच्या दुकानात फोन केला तर नोकर म्हणाला, "साहेब बाहेरगावी गेलेत."

महिना लागला. आई नेहमीसारखी मागच्या खोलीच्या दारात आली.

"भिंगरीचं आलं का?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि उंबऱ्यावरच बसली. "म्हणजे तिनं निरोप वाचला, म्हणून नाही पाठवले. हो ना रे?"

पैसे तर त्यानंच बंद केले होते. तिनं वाचलं असतं तरी आले नसते, आणि नसतं वाचलं तरीही. तो उठून आईशेजारी उंबऱ्यावर येऊन बसला.