वावेक कुठाय?

वावेक हा आमच्या पोलिश भाषेतला भारी आगाऊ शब्द. पीठ लाटायचं लाटणं म्हणजे वावेक, केस कुरळे करायला डोक्याला लावायच्या नळ्या म्हणजे वावेक आणि ठशावर शाई फिरवायचा रबरी रूळ, तोही वावेकच. हल्ली तर कुणी कुणाला टोपी घातली तरी लोक म्हणतात, वावेक केला. राडोमच्या होनोराताचं या मेल्या शब्दानं वाटोळं केलं.

लष्करी कायद्याचे दिवस होते. होनोराता पिएरोगीसाठी, म्हणजे सारण भरून उकडायच्या करंज्यांसाठी, पीठ लाटत होती, तोच पोलीस दारात आले.

"वावेक कुठाय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

तिला वाटलं, पिठानं माखलेले हात बघून हा थट्टा करतोय.

"कुठे असणार? स्वयंपाकघरात," ती फणकारली.

पोलीस आत घुसले आणि पिठाच्या डब्यामागून फडक्यात गुंडाळलेला शाईचा रूळ त्यांनी बाहेर काढला. सरकारविरोधी पत्रकं छापून तिच्या धाकट्या भावानं, सेवेरिननं, तो तिथे दडवला होता. तिला पत्ताही नव्हता.

तिचं दारातलं उत्तर शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. भावाला तुरुंग झाला, बहीण घरभेदी ठरली. चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसेना. पावाच्या रांगेत बायका पाठ फिरवत. सेवेरिन सुटेल आणि चारचौघांत सांगेल, माझ्या ताईनं काही केलं नाही, एवढ्याच आशेवर बिचारी तग धरून राहिली.

सुटल्यावर कित्येक महिन्यांनी तो एकदाचा आला. तिनं पिएरोगी वाढले आणि सगळं सांगितलं.

"मला माहितीय, ताई," तो खाता खाता म्हणाला.

"मग सांग ना लोकांना."

त्यानं पुढचा पिएरोगी उचलला. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. पोलीस आले तेच रूळ मागत. घरात रूळ आहे हे त्यांना कुणी सांगितलं?

"अजून कुणाला ठाऊक होतं रे?"

"दांकाला." दांका म्हणजे त्याची बायको. "तिला चौकीवर नेऊन दम दिला, घाबरून बोलून गेली. आता तिला दिवस गेलेत. कळलं तर लोक जगू देणार नाहीत तिला."

"आणि मला देतायत?"

"तुझी गोष्ट वेगळी. तू एकटी. तुला काय फरक पडतो?"

होनोरातानं त्याच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं.

"ऊठ," ती म्हणाली.

तो उठला. दाराशी थबकला.

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"सांगितलं तरी ऐकणार कोण?" ती म्हणाली. "घरभेदीचं?"