माईकचं झबलं

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. दोन कान आणि तोंडापुढे वळणारी माईकची एक काडी, एवढाच माझा संसार. डाव्या कानावर फुलाफुलांच्या कापडाचं ठिगळ आहे. बघणारे हसतात, पण मला त्याचा अभिमान आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. कळता झालो तो एका तक्रार केंद्रात. फ्रिज गार होत नाही, कपडे धुण्याचं मशीन खोलीभर पाणी करतं, अशी गाऱ्हाणी सांगायला लोक तिथे फोन करत. मी ते फोन घेणाऱ्या मावशीच्या वाट्याला आलो. लोक शिव्यांची लाखोली वाहत आणि मावशी शांतपणे म्हणे, "बरोबर आहे तुमचं." शिव्या आधी माझ्यातून जात. त्यातल्या बऱ्याचशा मला अजून पाठ आहेत, पण तुम्ही लहान आहात.

मावशीची एक सवय होती. सकाळी मला डोक्यावर चढवलं की ती नखाने माईकवर दोनदा टकटक करी आणि पलीकडच्या मैत्रिणीला विचारी, "येतंय का ऐकू?" ती "येतंय" म्हणाली की मगच पहिला फोन. नऊ वर्षांत यात एक दिवस खंड पडला नाही.

पुढे केंद्रात बिनवायरचे नवे हेडफोन आले आणि आमची रवानगी खोक्यात झाली. 'गरज सरो, वैद्य मरो' म्हणजे काय, ते मला त्या खोक्यात कळलं. दीड वर्ष मी तिथे धूळ खात पडलो होतो. शेवटी मावशीनेच साहेबांना विचारून मला बाहेर काढलं, कारण तिच्या भाचीला माझी गरज होती.

ही भाची नववीत होती. घरात तिला 'रेडिओ' म्हणत. सकाळी डोळे उघडले की सुरू, रात्री झोपली की बंद, आणि मध्ये आवाज कमी करायची सोय नाही. तिला मोठेपणी इमारतींचे नकाशे काढायचे होते. त्यासाठी लागणारी वरची भूमिती तिच्या शाळेत शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून तिने ऑनलाइन वर्गात नाव घातलं. अशा अभ्यासाला काय काय लागतं, ते मी त्या घरात पाहिलं. मावशीने तिचा जुना कॉम्प्युटर दिला. रेडिओची आई शिवणकाम करायची. तिने कापड बेतायच्या टेबलाचा अर्धा भाग मोकळा करून दिला आणि चार ते पाच शिलाई मशीन बंद ठेवायचं ठरवलं. गिऱ्हाईक आलं की ती दारातूनच सांगे, "पाचनंतर या. पोरीचा वर्ग चालू आहे."

आईला कुठलीही वस्तू उघडी बघवत नसे. तिच्या घरात मिक्सरला कव्हर होतं, रिमोटला होतं, चष्म्याच्या डबीलासुद्धा होतं. वर्गाच्या पहिल्या दिवशी मुलांना नुसतं ऐकायचं होतं. तो संपल्यावर आईने माझ्या डाव्या कानाची फाटकी गादी ठिगळ लावून शिवली आणि मग माईककडे बघून म्हणाली, "कापड आखायच्या खडूची धूळ बसेल रे बाबा तुला." तिने लगोलग माईकला एक झबलं शिवलं. वर फुलाफुलांचं कापड, मध्ये स्पंज, आत अस्तर आणि गळ्याशी नाडीची घट्ट गाठ. खोटं कशाला सांगू, मी हुरळून गेलो. माझ्यासाठी आजवर कोणी काही शिवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रश्न विचारला. रेडिओने खणखणीत उत्तर दिलं, पण माझ्यापर्यंत ते उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं पोचलं. पलीकडे सर म्हणाले, "ठीक आहे. पुढचं कोण?" तिसऱ्या दिवशी तेच झालं, चौथ्या दिवशीही तेच. दुसऱ्या आठवड्यात तिने बोलणं सोडलं. ती उत्तरं फक्त वहीत लिहून पाठवू लागली. हळूहळू ती जेवतानाही गप्प राहू लागली. काय घडतंय ते मला कळत होतं, पण माझं स्वतःचं तोंड कुठे आहे? मी दुसऱ्यांचे आवाज वाहणारा हमाल.

एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरून मावशी जेवायला आली होती, तेव्हा सरांचा फोन आला. आईने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"मुलगी हुशार आहे," सर म्हणाले, "पण फार अबोल आहे. परवा तोंडी परीक्षा आहे. तिथे गप्प बसली, तर मला तिला पास करता येणार नाही. मग हा विषय तिला पुढे घेता येत नाही."

फोन ठेवल्यावर मावशीचा घास हातातच राहिला. "अबोल? कोण, ही?"

रेडिओच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. "मी बोलते गं. तेच ऐकत नाहीत. मला वाटलं, माझं सगळंच चुकतंय, म्हणून सोडून देतात."

मावशी उठली. तिने मला उचललं, जुन्या सवयीने नख माईकवर मारलं आणि थांबली. टकटक आलीच नाही.

"हे काय घातलंयस याला?"

"झबलं," आई म्हणाली. "धूळ जाऊ नये म्हणून."

"ताई, धूळ आत गेली नाही, खरं. पण पोरीचा आवाजही बाहेर गेला नाही."

आईने मला हातात घेतलं. "दोन आठवडे मशीन बंद ठेवून बसले मी," ती म्हणाली, "आणि पोरीचं तोंडच बांधून ठेवलं." मग तिने कात्री घेतली आणि स्वतःच्या हाताने शिवलेलं ते झबलं कापून काढलं.

"चूक माझीही आहे," मावशी म्हणाली. "मी हेडफोन दिला, टकटक द्यायची विसरले." मग तिने रेडिओचं बोट धरून माझ्यावर दोनदा आपटलं.

परीक्षेच्या दिवशी रेडिओ वेळेआधीच टेबलापाशी बसली. तिने टकटक केली. "सर, येतंय का ऐकू?"

सर म्हणाले, "अगदी स्पष्ट. कोण बोलतंय?"

तिने नाव सांगितलं. सरांनी अर्धवर्तुळातला कोन काटकोन का असतो, ते विचारलं. मित्रांनो, ती जी सुरू झाली! सर म्हणाले, "पुरे बाळ, पुरे, झालीस पास." तर ही म्हणते, "सर, अजून एक रीत आहे." सर हसले आणि म्हणाले, "सांग." टेबलापलीकडे आई त्याच झबल्याच्या तुकड्याने डोळे पुसत होती.

आता माझी वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधलेली आहे. मला कोरड्या फडक्याने पुसा, वायरला पीळ देऊ नका, एवढं माझ्यासारख्यांसाठी मागतो. आणि आणखी एक. तुमच्या वर्गात किंवा घरात कोणी गप्प गप्प असेल, तर त्याला अबोल म्हणण्याआधी जवळ जाऊन बघा. कदाचित तो कधीचा बोलतोय.

चार वाजत आले. आईने मशीन थांबवलं आहे. रेडिओ रोजच्यासारखी नख माझ्यावर मारून विचारेल, "येतंय का ऐकू?" पलीकडून सर उत्तर देतीलच. पण त्यांच्याआधी, मनातल्या मनात, मी म्हणतो, "येतंय गं."