पोकळ आवाज

मित्रांनो, मी धामणगाव बढ्यातली एक जुनी सब्बल आहे. पुस्तकात मला पहार म्हणतात. ट्रकच्या मोडक्या ॲक्सलपासून लोहाराने मला घडवले. अंगाने मी जड, टोकाने तेज आणि स्वभावाने, लपवू कशाला, जरा आगाऊच.

सहदेवच्या घरी माझी वीस वर्षे गेली. कुंपणाचे खड्डे मी खणले. विहारासमोर झेंड्याचा खांब रोवला तेव्हाही मीच होते. त्या दिवशी सहदेवच्या मायने, भिमाबाईने, मला धुऊन पुसून दारामागे ठेवले. तेवढे कौतुक मला जन्मभर पुरायला हवे होते.

मग एकदा सहदेव घरात टेकूसाठी खड्डा घेत होता. माझ्या टोकाखाली पोकळ आवाज आला.

"माय, आयकलं काय? खाली धनाचा हंडा हाये!"

"उंदराचं बीळ असन बाप्पा," भिमाबाई म्हणाली.

तिचे खरे होते. माझ्या टोकाला धान्याचा भुसा लागला होता. पण मला बोलता येत नाही. आणि खरे सांगते, बोलता आले असते तरी मी गप्प बसले असते. मलाही तो आवाज पुन्हा हवा होता.

सहदेवने कामाला जाणे सोडले. "एकच हात अजून" म्हणत तो रोज खोल जाऊ लागला. कंटाळून त्याची बायको सुवर्णा लेकीला घेऊन माहेरी गेली. भिमाबाई तेवढी भिंतीकडेच्या बाजेवर बसून राहिली.

"तृष्णेले बूड नसते रे," ती म्हणायची. "भिंतीखालची माती निघून राह्यली. काऊन आयकत नाहीस?"

"एकच हात, माय."

भर दुपारी ती मातीची भिंत बाजेवर कोसळली. धूळ खाली बसली. सहदेव आधी खड्ड्यात डोकावला. मग त्याला माय आठवली. दोन्ही हातांनी त्याने माती उपसली, पण उशीर झाला होता.

आता त्या घरात कोणी राहत नाही; मी तेवढी त्या खड्ड्यात पडून आहे. सहदेव अधूनमधून येतो आणि जमिनीला कान लावून पडून राहतो. हंडा त्याला नकोच आहे. मायची हाक हवी आहे. ती येत नाही, म्हणून तो पुन्हा येतो. मला त्याची भीती वाटते, आणि माझीही.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून जपाव्यात, असे तुम्हाला शिकवतात. मला मात्र या खड्ड्यातच राहू द्या. मला गंजू द्या. कारण कोणी हातात घेतले, की मी अजूनही आधी पोकळ जागाच शोधीन.